कालिपाच्या पाठीवरचा तीळ

सासूची पाठ सासूपेक्षा सुनेलाच जास्त ठाऊक असते. निदान डोंगरातल्या कोचकोरच्या बाजूच्या गावांत तरी तसंच आहे. दर शनिवारी अंगणातल्या न्हाणीघराची भट्टी पेटते, आत वाफ कोंडते आणि घरची सून सासूची पाठ घासायला बसते. बेगायिम सहा वर्षं कालिपाची पाठ घासत होती. त्या पाठीवर कुठे काय आहे ते तिनं डोळे मिटून सांगितलं असतं. कमरेजवळ लहानपणी घोड्यावरून पडल्याची खूण, मानेखाली दोन चामखिळी आणि डाव्या खांद्याच्या पात्यावर मसुरीएवढा तपकिरी तीळ.

त्या वर्षी मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या तेव्हा तीळ मसुरीएवढा राहिला नव्हता.

बेगायिम नमद्याचे गालिचे करायची. जाड लोकरीचा नमदा मधोमध दुमडायचा, वर खडूनं अर्धीच नक्षी काढायची आणि दोन्ही पदर एकदम कापायचे. उलगडलं की डावी बाजू उजवीशी जुळते. हे काम करून करून तिच्या डोळ्यांना खोड लागली होती. समोर येईल ते मनातल्या मनात दुमडून बघायचं. त्या शनिवारी तिनं तीळही दुमडून पाहिला. दोन बाजूंचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. एक कडा सांडल्यासारखी पसरलेली, दुसरी कुरतडल्यासारखी, मधला भाग बोंडासारखा वर आलेला. एका कोपऱ्यात काजळीसारखा काळा रंग, शेजारी निळसर. कापडानं जरा घासलं तर रक्ताचा ठिपका आला.

"आपा," ती म्हणाली. इकडे सासूलाही आईसारखंच आपा म्हणतात. "हा तीळ बदललाय. डॉक्टरला दाखवू या."

"तीळ आहे तो, नवरी नाही, चारचौघांत दाखवायला," कालिपा म्हणाली. "पाणी ओत."

बेगायिमनं पाणी ओतलं. पुढच्या शनिवारी तिनं पुन्हा विषय काढला, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्या खेपेला कालिपानं तिच्या हातातलं कापड हिसकावून घेतलं आणि स्वतःची पाठ स्वतःच घासायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही, त्यामुळे तिचा राग आणखीच वाढला.

कालिपा काही भित्री बाई नव्हती. त्रेसष्ट वर्षांची, विधवा, साठ मेंढ्यांची मालकीण. कुरणाच्या भांडणात तिनं एकदा गावच्या मुख्याला त्याच्याच कचेरीतून बाहेर काढलं होतं. पण इस्पितळाचं नाव काढलं की तिचा चेहरा दगडी व्हायचा. तिचा नवरा स्वतःच्या पायांनी इस्पितळात चालत गेला होता आणि आठव्या दिवशी आडवा परत आला होता. त्यानंतर पांढऱ्या डगल्यातल्या माणसाला तिनं घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता.

तरी सुनेच्या बोलण्यानं तिच्या मनात काहीतरी टोचलं असावं, कारण चौथ्या आठवड्यात तिनं बुरुलला बोलावणं पाठवलं.

बुरुल म्हणजे गावची तीळ-चामखीळवाली. तरुण माणसं तिला मानानं एजे, म्हणजे ताई, म्हणायची. जे नको असेल त्याच्या मुळाशी ती घोड्याच्या शेपटीचा केस बांधायची, रोज सकाळी फास आवळायची आणि आठ-नऊ दिवसांत ते वाळून गळायचं. गावातल्या निम्म्या तोंडांवर तिचा हात फिरलेला होता. बाई मनानं वाईट नव्हती, पण तिला आपलं काही चुकू शकतं हेच ठाऊक नव्हतं, आणि मला विचाराल तर वाईट माणसापेक्षा अशा माणसाची जास्त धास्ती घ्यावी.

ती आली, घरातल्या मानाच्या जागी बसली, कालिपाच्या खांद्यावरचा सदरा खाली केला आणि बोटानं तीळ दाबला.

"एवढंच ना? नऊ दिवस. पण केस घोड्याच्याच शेपटीचा हवा. घोडीचा आणू नका. घोडी मुतते ती शेपटीवर, केस कुजका निघतो."

बेगायिम दाराशी सामोवाराजवळ, चहाचं पाणी उकळायच्या पितळी भांड्याजवळ बसून चहा ओतत होती. सुनेची जागा तीच, आणि त्या जागेवरून फक्त चहा ओतायचा असतो.

"बुरुल एजे," ती म्हणाली, "चामखिळी बांधा. हवं तर माझं नाक बांधा. पण हा तीळ रंग बदलतोय, त्याला रक्त येतंय. याला हात लावू नका."

मग बुरुलनं कालिपाकडे पाहिलं. "तुझ्या सुनेला जीभ आहे होय गं? मला कुणी सांगितलंच नाही."

"मलाही आजच कळलं," कालिपा म्हणाली.

"आपांना कळतं त्यांचं," बेगायिमचा नवरा तालाय पुटपुटला. तो नारिनच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, डोंगरातल्या वळणांना घाबरायचा नाही, पण आईसमोर त्याची मान ताटातून वर यायची नाही. "तू चहा ओत."

बेगायिमनं चहा ओतला आणि नंतर त्याला अंगणात गाठलं.

"तुझा ट्रक खडखडायला लागला की मेकॅनिककडे नेतोस की बुरुल एजेकडे?"

"ट्रकची गोष्ट वेगळी."

"हो ना. ट्रक तुझ्या आईपेक्षा महाग आहे."

तालाय रागानं लाल झाला. मग तो शेजाऱ्याच्या काळ्या घोड्याच्या शेपटीचा केस आणायला निघून गेला.

बुरुलनं केसाचे तीन वेढे दिले आणि दातात धरून फास आवळला. कालिपानं गोधडी मुठीत धरली. दुसऱ्या दिवसापासून तीळ सुजला, जांभळा पडला, पाझरायला लागला. बुरुल रोज सकाळी येऊन फास आवळायची आणि वर मेंढीची चरबी चोपडायची. चौथ्या दिवशी कालिपाला ताप भरला. "पीडा बाहेर पडतेय," बुरुल म्हणाली. बेगायिम दोन दिवस सासूच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसली. हात धरून ओढून न्यावं म्हटलं तर ही बाई तिला उचलून फेकून देईल. गप्प बसावं म्हटलं तर ही बाई मरेल. आणि ही बाई मरायला नको होती. लग्न होऊन आली तेव्हा बेगायिमला पीठ मळता येत नव्हतं म्हणून हिनं तिला सगळ्यांदेखत आळशी ठरवलं होतं. पण पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा चाळीस दिवस हिनंच तिला भरवलं होतं. त्या दिवसांत गावात कुणी नुसत्या भिवया वर करून पाहिलं तरी कालिपा त्याच्या घरी जाऊन भांडून यायची.

सातव्या दिवशी बेगायिम पिठाच्या निमित्तानं गावच्या दवाखान्यात जाऊन आली. तिथल्या नर्सनं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि कपाटातून, तुकडा कुजू न देणारं औषध भरलेली एक लहान बाटली काढून दिली.

"पडलं की यात टाक आणि सरळ शहर गाठ. जाळू मात्र देऊ नकोस. राखेतून कुणालाच काही वाचता येत नाही."

आणि जाळायचं तर होतंच. बुरुलच्या पद्धतीत गळलेली गोष्ट घरात ठेवायची नसते, नाहीतर ती धन्याकडे परत येते म्हणे. त्याच दिवशी चुलीतल्या निखाऱ्यांवर टाकायची, वर आर्चा या डोंगरी झाडाच्या सुवासिक डहाळीचा धूर करायचा, आणि टाकणारा हात पाठ घासणारीचा असायला हवा. म्हणजे सुनेचा.

नवव्या दिवशी सकाळी ते गळलं. काळंठिक्कर, सुरकुतलेलं, नखाएवढं. बुरुलनं ते चिंधीत गुंडाळून बेगायिमच्या तळहातावर ठेवलं आणि स्वतः धुरासाठी डहाळी पेटवायला वाकली. कालिपा भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. बेगायिम उभी होती जमिनीवर चहासाठी अंथरलेल्या चादरीशेजारी. चादरीवर पाव होता, साय होती आणि बशीत काळ्या मनुका होत्या.

तिनं आधीपासून काही ठरवलेलं नव्हतं. बाटली लपवून ठेवली होती, पण एवढ्या डोळ्यांदेखत काय करायचं ते तिला सुचलं नव्हतं. मनुकांवर नजर गेली आणि हातानंच काय ते केलं. चिंधी बाहीत गेली, मनुका बोटांत आली, बोटांतून निखाऱ्यांवर पडली. मनुका फुगली, चरचरली आणि फटकन फुटली.

"पाहिलंस?" बुरुल ओरडली. "मूळ फुटलं! काळा नाग होता, कालिपा. वळवळत धुरातून वर गेला, या डोळ्यांनी बघितला मी."

"गेली पीडा," कालिपा म्हणाली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली. बुरुलला नवा रेशमी रुमाल मिळाला, मेंढीची मांडी मिळाली. बेगायिमनं सगळ्यांना चहा ओतला. चुलीपुढं खोटेपणा केला की घराला पाप लागतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा हेच करीन असंही तिनं मनाशी ठासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती गालिचे विकायला म्हणून शहरात गेली. गालिचे गाडीच्या टपावर होते, तीळ टाकलेली बाटली छातीशी. कर्करोगाच्या इस्पितळात तपासणीच्या खिडकीवर एक बाई होती.

"पेशंटचं नाव?"

सून सासरच्या मोठ्या माणसांचं नाव घेत नाही. नुसतं लोकांपुढंच नाही, एकटी असतानाही नाही. सहा वर्षांत ते नाव तिच्या ओठांवर एकदाही आलं नव्हतं.

"लिहून देते," ती म्हणाली.

"बाई, मागची रांग बघा. तोंडानं सांगा."

"कालिपा," बेगायिम पुटपुटली.

"मोठ्यानं!"

"कालिपा जोल्दोशेवा!" ती एवढ्या जोरात ओरडली की मागच्या रांगेतला म्हातारा दचकला. छत कोसळलं नाही. खिडकीतल्या बाईनं नाव लिहिलं आणि पुढचा कागद ओढला.

डॉक्टर जाड चष्म्याचे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी बाटली उजेडात धरली. "बांधलं कशानं?"

"घोड्याच्या केसानं."

ते रागावले नाहीत. रागावून रागावून त्यांचा राग संपला असावा. "हे बघा, साधा तीळ असेल तर जखम चिघळते, व्रण राहतो, एवढ्यावर भागतं. पण साधा नसेल तर वरचं बोंड गळून पडतं आणि खालचं तिथंच राहतं. वर कातडी धरते, सगळे खूश होतात, आणि आत ते पसरत जातं. बारा दिवसांनी या."

ते बारा दिवस बेगायिमनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. कालिपाच्या खांद्यावर गुलाबी कातडी धरली. बुरुल येणाऱ्या-जाणाऱ्याला सदरा बाजूला करून ती दाखवायची. न्हाणीघरात पाठ घासताना बेगायिमला त्या गुलाबी कातडीच्या कडेला एक करडी सावली दिसली, आणि तिनं पाणी ओतलं.

बाराव्या दिवशी तिनं कागद आणला. डॉक्टरांनी त्यातला एकच शब्द तिला वाचून दाखवला होता, मेलानोमा, आणि मग समजेल असं सांगितलं होतं. हा कातडीचा कर्करोग आहे. केसानं आवळून तुकडा मेलेला होता, त्यामुळे रोग किती खोल गेला होता ते यातून कळत नाही. आता तिथलं सगळं रुंद कापून पाहावं लागेल. "याच आठवड्यात. नंतर मला ती कथा सांगू नका की घरात लग्न होतं."

ती घरी पोचली तेव्हा दुपारचा चहा चालू होता. बुरुल मानाच्या जागी कोपऱ्यातल्या कपड्यांच्या ढिगावर रेलून बसली होती, कालिपा तिच्या शेजारी, तालाय समोर बोरसोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, चहात बुडवून खात होता. बेगायिमनं कोट काढला नाही. ती सामोवाराजवळही बसली नाही. तिनं कागद सरळ चादरीवर ठेवला, पाव आणि सायीच्या मधे.

"मी गालिचे विकायला गेले नव्हते," ती म्हणाली. "आपांचा तीळ तपासायला दिला होता. कर्करोग आहे. याच आठवड्यात कापायला हवं."

"डोकं फिरलंय का तुझं?" कालिपा म्हणाली. "कुठला तीळ? तो जळाला. तूच टाकलास आगीत."

"मी टाकली ती मनुका होती."

तालायच्या हातातला बोरसोक चहाच्या वाटीत पडला.

"चुलीपुढं खोटं!" बुरुल किंचाळली. "कालिपा, ही तुझ्या घराचं वाटोळं करणार!"

कालिपा पांढरी पडली, मग लाल झाली. "माझ्या घरात. माझ्या चुलीपुढं. मला फसवलंस तू. लहान मुलाला फसवावं तसं."

"फसवलं," बेगायिम म्हणाली. "तुम्ही सरळ ऐकलं असतंत तर वाकडं वागायची वेळ आली नसती."

"बाहेर हो."

"होते. पण एकटी नाही, तुम्हाला घेऊन. आधी इस्पितळ. मग मला माहेरी पाठवा, गावभर बदनाम करा, माझ्या हातचा चहा पिऊ नका, मला काही फरक पडत नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही मरायचं नाही." तिचा आवाज फाटला आणि तिला त्याचीच चीड आली. "मला सासू हवीय. खडूस तर खडूस, पण हीच हवीय."

"इस्पितळात गेलेलं माणूस परत येत नाही," कालिपा म्हणाली. पण हे तिनं सुनेकडे न बघता म्हटलं. "तुझा सासरा गेला होता. आठव्या दिवशी काय आलं ते गावानं पाहिलंय."

"दहा महिने," तालाय म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो वाटीतल्या भिजलेल्या बोरसोककडे बघत होता. मग त्यानं मान वर केली, आणि त्या घरात असं पहिल्यांदाच होत होतं.

"बाबा दहा महिने पोट धरून बसले होते, आपा. मी सतरा वर्षांचा होतो, मला सगळं आठवतंय. दहा महिने बुरुल एजेचा काढा पीत होते. इस्पितळात नेलं ते अगदी शेवटी, सगळं संपल्यावर. आठ दिवस तुम्ही धरून बसलात. ते दहा महिने कुणी मोजलेच नाहीत. मीही बोललो नाही."

कालिपानं कागदाकडे पाहिलं. वाचायचा चष्मा तिच्या गळ्यातच होता, पण तिनं तो डोळ्यांना लावला नाही. मग तिनं सावकाश मान वळवली.

"बुरुल."

"काय गं?"

"मनुकेत तुला नाग दिसला?"

"धूर होता, कालिपा. डोळे म्हातारे झालेत माझे."

"वळवळत वर गेला म्हणालीस. या डोळ्यांनी बघितला म्हणालीस."

"आता माणूस बोलतो कधी तरी..."

"मला ताप चढला तेव्हा पीडा बाहेर पडतेय म्हणालीस. ते कुठल्या डोळ्यांनी बघितलं होतंस?"

बुरुलनं खांद्यावरचा नवा रेशमी रुमाल सारखा केला. कालिपानं गुडघ्यांवर दोन्ही हात टेकले आणि हळूहळू उभी राहिली. डावा हात वर उचलताना तिचा चेहरा दुखण्यानं आखडला, तो सगळ्यांना दिसला.

"तालाय, ट्रक काढ. अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा." मग ती सुनेकडे वळली. "आणि तू, मनुकेवाली. तोंड धुऊन ये, रडकं तोंड घेऊन माझ्याबरोबर यायचं नाही. चुलीपुढं खोटं वागलीस त्याचं काय करायचं ते मी परत आल्यावर बघते."

"बघा," बेगायिम म्हणाली. "नक्की बघा. परत येऊन बघा."

"अगं, एवढी काय घाई?" बुरुल म्हणाली. "जखम नुकती भरलीय. चार दिवस जाऊ दे, मी काहीतरी—"

"ऊठ, बुरुल," कालिपा म्हणाली. "माझा कोट तुझ्याखाली दबलाय."